पाऊस रुसतो म्हणजे काय?



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी मला 'आपली भाषा' हा विषय दिला. विषय फार मोठा आहे, म्हणून मी त्यातली एकच गोष्ट घेतली आहे. आपण निर्जीव वस्तूंविषयी बोलताना त्या जणू माणसेच आहेत असे बोलतो, ती गोष्ट. पाऊस रुसला. रान तहानलं. पिकानं माना टाकल्या. एसटी घाटात धापा टाकते. भिंतीला कान असतात. आता पाऊस काही गाल फुगवून कोपऱ्यात बसत नाही आणि एसटीला फुप्फुसे नाहीत. तरी आपण बोलतो आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळते. (भिंतीला कान आहेत की नाहीत ते मला माहीत नाही, पण आपल्या शाळेच्या भिंतीला या भित्तिपत्रकामुळे तोंड मात्र आले आहे!)

माझी ताई नववीत आहे. तिच्या व्याकरणाच्या पुस्तकात याला एक नाव आहे. ते नाव म्हणजे चेतनगुणोक्ती. शब्द वाचताना जीभ अडखळते, पण फोडला की सोपा आहे. चेतन म्हणजे जिवंत, उक्ती म्हणजे बोलणे. निर्जीव वस्तूला जिवंत माणसाचे गुण लावून बोलणे म्हणजे चेतनगुणोक्ती. हा एक अलंकार आहे, असे ताई म्हणते. अलंकार म्हणजे दागिना. मला हे अर्धेच पटले. दागिना आपण सणावाराला, लग्नाला घालतो. पण हे बोलणे तर आपण रोज शेतात, चुलीपाशी, एसटी स्टँडवर बोलतो. म्हणून मी दोन आठवडे एक वही घेऊन फिरले आणि घरीदारी जे ऐकू आले ते लिहून घेतले.

सगळ्यात जास्त वाक्ये शेतात मिळाली. उसाच्या कांडीवर जिथून कोंब फुटतो त्याला डोळा म्हणतात. लावणीला दोन डोळ्यांची टिपरी घेतात. डोळा मेला तर कोंब येत नाही. कांदा काढायला आला की त्याची पात मानेतून वाकून आडवी होते. त्याला माना पडल्या असे म्हणतात. निम्म्याच्या वर माना पडल्या की आमचे दादा काढणीसाठी बायकांना सांगून येतात. ज्वारीचं कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आत असतं, तेव्हा ताट तिथे फुगतं. ते आपल्या पायाच्या पोटरीसारखं दिसतं, म्हणून ज्वारी पोटरीत आली असे म्हणतात. पोटरीत आली की पाणी चुकवायचं नाही, नाहीतर कणीस नीट भरत नाही. म्हणजे 'पोटरी' हा एक शब्द ऐकला की शेतकऱ्याला पीक कुठपर्यंत आलं आणि आता काय करायचं हे दोन्ही कळतं. हा दागिना नाही, हे खुरप्यासारखे कामाचे हत्यार आहे असे मला वाटते.

घरातसुद्धा असेच आहे. माठाला गळा आणि पोट, फणीला दात, खुर्चीला हात आणि पाय, डोंगराला माथा. आमच्या आजीने तव्याचे सांगितले. चुलीवरच्या तव्याच्या बुडाला काजळी साचते. कधीकधी ती काजळी पेट घेते आणि लाल लाल ठिणग्या इकडून तिकडे पळतात. त्याला तवा हसला म्हणतात. तवा हसला की पाहुणे येणार! आमच्याकडे गॅस आल्यापासून तवा हसायचा बंद झाला आहे, कारण गॅसवर काजळी धरत नाही. पाहुणे मात्र पूर्वीइतकेच येतात.

आजी रात्री झाडाचं पान तोडू देत नाही. झाड झोपलंय म्हणते. मी टॉर्च घेऊन आमच्या चिंचेखाली गेले, तर खरोखर चिंचेची बारीक पानं मिटलेली होती. गुरुजी म्हणाले की चिंच, शिरीष अशा काही झाडांची पानं रात्री मिटतात आणि सकाळी उघडतात. म्हणजे ज्याने पहिल्यांदा 'झाड झोपलं' म्हटलं त्याने नीट बघून म्हटलं होतं. आणि हे फक्त जुन्या माणसांचं बोलणं आहे असं समजू नका. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. तिथे रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते आणि भयंकर थंडी पडते. त्या रात्रीच्या आधी, ४ सप्टेंबरला, इस्रोच्या शास्त्रज्ञांनी कळवले की विक्रम लँडरला झोपवले आहे. उजाडल्यावर त्याला उठवायचा प्रयत्न केला, पण तो काही उठला नाही. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण यंत्राबद्दल बोलताना आजीसारखेच बोलतात.

आता पाऊस. पावसाला तर आपण सगळे नातेवाईकच दिले आहेत. साधारण ५ जुलैच्या सुमारास पुनर्वसू नक्षत्र लागते, त्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात. २० जुलैच्या सुमारास पुष्य लागते, तो म्हातारा पाऊस. ऑगस्टच्या मध्यावर मघा, तो सासूचा पाऊस. ऑगस्टच्या शेवटी पूर्वा, तो सुनांचा पाऊस. कोणाचा पाऊस जास्त पडतो यावरून आमच्या घरी दरवर्षी आजीचे आणि आईचे हसत हसत भांडण होते. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला बसायला वाहनसुद्धा असते, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी हत्ती, कधी गाढव. बेडूक, म्हैस, हत्ती असले की लोक खूष होतात. गाढव असले की तोंडे उतरतात. नावे अशी असल्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या आमच्या पणजीलाही जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा सगळा पाऊस ओळीने पाठ होता.

पण पाऊस खरंच रुसतो का? मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी फळ्यावर सह्याद्री काढून दाखवला. अरबी समुद्रावरून ढग येतात, डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पश्चिमेकडे बरसतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. डोंगर ओलांडून पुढे येईपर्यंत ढगात फार पाणी राहत नाही. म्हणून त्याच जिल्ह्यात माण-खटावकडे पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणजे पाऊस कोणावर रुसत नाही. मी म्हणाले, "मग गुरुजी, डोंगरानं आपला पाऊस अडवला म्हणायचा!" गुरुजी हसले आणि म्हणाले, "बघ, पावसाला माणूस म्हणायचं सोडलंस आणि डोंगराला धरलंस." वर्गात सगळे हसले. मलाही हसू आले. पण तेव्हापासून माझ्या लक्षात आले की जे आपोआप येते-जाते आणि आपले ऐकत नाही, त्याला मन आहे असे आपल्याला वाटतेच. ताप येतो, झोप उडते, भूक पळते, पूर येतो. आपली मराठी सगळ्यांना पाय देते.

वही वाचून बघताना मला आणखी एक गंमत दिसली. ज्याची भीती वाटते त्याला आपण फार मानाने हाक मारतो. वाघोबा, नागोबा म्हणतो, पण शेळोबा कोणी म्हणत नाही. रात्री साप दिसला तर साप असे नावसुद्धा घेत नाहीत, लांबडं म्हणतात. पालघरकडचे वारली लोक वाघाला देव मानतात आणि त्याची पूजा करतात. आणि ज्या रोगांची सर्वांत जास्त भीती होती, त्यांना तर लोक आई आणि देवीच म्हणत. हे मला आजीने सांगितले. ते जरा सविस्तर लिहिते.

आमच्या आजीच्या दंडावर दोन गोल खुणा आहेत. लहानपणी मला वाटायचे की तिला भाजले आहे. त्या देवी टोचल्याच्या खुणा आहेत. देवी हा एक रोग होता. खूप ताप यायचा, अंगभर पाण्याने भरलेले फोड यायचे आणि ज्यांना तो व्हायचा त्यांच्यापैकी दहातली साधारण तीन माणसे मरायची. वाचली त्यांच्या तोंडावर वण राहायचे, काहींचे डोळे जायचे. रोग अतिशय लहान विषाणूमुळे व्हायचा आणि श्वासातून, फोडांतून दुसऱ्याला लागायचा. पण विषाणू दिसत नाही. दिसतो तो फणफणलेला ताप. म्हणून लोक म्हणत, अंगात देवी आल्या. शीतलादेवी आली आहे, तिला राग येईल असे काही करू नका.

या रोगावर लस होती. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली ती शोधली होती. आपल्या देशात पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या मुलीला टोचली. ती फक्त तीन वर्षांची होती! म्हणजे आपल्या आज्या जन्मायच्या दीडशे वर्षे आधीपासून लस होती. तरीसुद्धा रोग जाईना.

का जाईना, याची कारणे पुष्कळ असतील. पण आमच्या घरातले कारण आजीने सांगितले ते असे. साठ वर्षांहून जास्त झाली असतील. टोचणारा माणूस गावात आला. कोणीतरी माझ्या पणजीला सांगितले होते की टोचून घेतलं तर देवी कोपते. म्हणून पणजीने आजीच्या थोरल्या बहिणीला कणगीत लपवले. ती पाच वर्षांची होती. आजी तेव्हा अंगावर पिणारी होती. पणजीने तिलाही लपवली असती, पण ती रडायला लागली असती, म्हणून तिला कडेवरच ठेवले. टोचणाऱ्याने तिला टोचले आणि तो पुढच्या घरी गेला. पुढच्या उन्हाळ्यात गावात देवी आल्या. थोरली बहीण गेली. आजी राहिली.

मी आजीला विचारले, तुला देवीचा राग येत नाही का? आजी म्हणाली, "देवीचा कशाला येईल पोरी? आई माझी भ्यायली होती. देवीला दुखवू नये म्हणून तिनं लेकीला झाकली." मग ती बराच वेळ निवडलेले तांदूळच पुन्हा निवडत बसली. मी पण गप्प बसले.

मी यावर खूप विचार केला. पणजीचे लेकीवर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. तिला वाटले समोर एक माणूस आहे, म्हणजे देवी, आणि माणसाला राग येतो, मग त्याला खूष ठेवावे लागते. विषाणूला राग येत नाही आणि तो खूषही होत नाही. त्याला फक्त लस अडवते. पावसाला रुसला म्हटले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण रोगाला देवी म्हटले की माणूस डॉक्टरकडे जायच्या ऐवजी त्याची समजूत काढायला जातो.

तरी एक गोष्ट आजीच्या बाजूने लिहायलाच हवी. देवी आल्या की घराच्या दारावर लिंबाचा डहाळा लावायचे, आजाऱ्याला वेगळे ठेवायचे, परक्या माणसाला आत येऊ द्यायचे नाहीत, घर स्वच्छ ठेवायचे. हे सगळे देवीचा मान म्हणून करायचे, पण त्यामुळे रोग शेजारच्या घरी जायचा थोडासा कमी होत असेल. तेवढे त्यांचे बरोबर होते.

पुढे सरकारने मोठी मोहीम काढली. घरोघर जाऊन देवीचे रोगी शोधले. रोग्याची खबर देणाऱ्याला बक्षीस ठेवले आणि १९७५ साली ते एक हजार रुपयांपर्यंत गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या देशातला शेवटचा रोगी आसाममध्ये सापडला. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की देवी पृथ्वीवरून गेली. म्हणून आपल्या आईवडिलांच्या दंडावर ती खूण नाही. पालकांनो, तुमच्या घरी कोणाच्या हातावर असेल तर मुलांना जरूर दाखवा. रोग गेला, पण शब्द राहिला. आमची आजी अजून कोणत्याही लसीला 'देवी टोचणे'च म्हणते, आणि माझ्या धाकट्या भावाच्या टोचणीची तारीख तीच लक्षात ठेवते. ती कधी चुकली नाही.

पटकी म्हणजे कॉलऱ्याला मरीआई म्हणायचे. पटकी आली की काही गावांत मरीआईचा गाडा करायचे, त्यात नैवेद्य ठेवून तो वाजत-गाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचे. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. मला हे ऐकून पुढच्या गावातल्या मुलांची काळजी वाटली. पटकी घाण पाण्यातून होते. गाडा शिवेपार गेला तरी विहीर तिथेच राहायची.

आता उलट बाजू सांगते. वस्तूला माणूस म्हटल्याने तिचे भलेही होऊ शकते. न्यूझीलंड देशात व्हांगानुई नावाची नदी आहे. तिथले माओरी लोक तिला आपली पूर्वज मानतात. मार्च २०१७ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून त्या नदीला माणसासारखे हक्क दिले. नदीला स्वतःला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने बोलायला दोन माणसे नेमायची असे ठरले, एक सरकारकडून आणि एक माओरी लोकांकडून. म्हणजे कोणी तिच्यात घाण सोडली तर नदी कोर्टात जाऊ शकते! त्याच महिन्यात, २० मार्च २०१७ रोजी, आपल्याकडे उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांनाही कायद्याने व्यक्ती ठरवले. पण पूर आला आणि लोकांचे नुकसान झाले तर ते नदीकडून भरून मागायचे का, असे प्रश्न उभे राहिले आणि ७ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल थांबवला. हे गुरुजींनी सांगितले तेव्हा मला फार नवल वाटले. एवढ्या मोठ्या न्यायाधीशांनी चेतनगुणोक्तीवर निकाल दिला.

आपणही नदीला आई म्हणतो. कृष्णेला कृष्णामाई म्हणतात, वाईला घाटाघाटावर तिचा उत्सव होतो. पूर आला तर बायका जाऊन तिची ओटी भरतात. मग त्याच नदीत प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून निर्माल्य टाकतात. ओटीची साडी-खणसुद्धा पिशवीसकट वाहताना मी पाहिला आहे. आपण आपल्या आईच्या पदरात कचरा टाकतो का? मला वाटते आपण नदीला आई म्हणतो ते मागायच्या वेळी, आणि टाकायच्या वेळी तिला ओढा समजतो.

बैलांचे मात्र आपण पुष्कळ गावांत खरे करून दाखवतो. बैल निर्जीव नाही, पण त्याला माणसासारखा पाहुणा करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू ओढून ओढून बैलाचा खांदा सुजतो, सोलतो, म्हणून हळद आणि तूप लावून तो चोळतात आणि त्याला दुसऱ्या दिवशी जेवायला यायचे आवतण देतात. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, पुरणपोळी खायला घालतात. यात नुसते बोलणे नाही. दुखऱ्या खांद्याला खरोखर औषध लागते आणि खरोखर सुट्टी मिळते. आमच्या शेजारच्या काकांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला. दसऱ्याला ते ट्रॅक्टरला हळद-कुंकू लावतात, हार घालतात. खांदा मात्र चोळता येत नाही, म्हणून ग्रीस भरतात.

माझी वही गुरुजींच्या टेबलावर ठेवली आहे. तिच्यात आतापर्यंत एकशे अकरा वाक्ये झाली आहेत. चौथीच्या मुलांनी एकावन्न दिली, बाकीची माझी आहेत. वहीत दोन बाजू केल्या आहेत. डाव्या बाजूला वाक्य लिहायचे, उजव्या बाजूला ते आपण का म्हणत असू ते लिहायचे. 'ऊन डोक्यावर आलं' हे सात जणांनी लिहिले आहे, ते आता पुन्हा लिहू नका. पालकांनी आपापल्या शेतातले, गवंडीकामातले, शिवणकामातले, एसटीतले शब्द लिहावेत. ज्यांना लिहायला जमत नसेल त्यांनी मला सांगावेत, मी लिहून घेईन. मी मधल्या सुट्टीत चिंचेखालीच असते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी